पस्ताना

सोमनाथ औताडेच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या शहरात नळाला पाणी आलं तर शेजारी एकमेकांना फोन करून सांगतात, आणि ज्या गल्लीत नळच अजून पोचलेला नाही, तिथल्या माणसानं समुद्राचे लाड कशाला करायचे? पाहुणे आले की वेरूळ, पाहुणे गेले की खुलताबाद, शाळेची सहल म्हैसमाळ. एवढ्यावर लोक जन्म काढतात इथं, आणि निवडणुकीत पुन्हा त्याच माणसाला मत देतात.

पण तनुजानं शाळेत ‘समुद्रकिनारी एक दिवस’ हा निबंध लिहिला आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. पोरगी चौथीत. लाटा, शिंपले, वाळूचा किल्ला, सगळं गाइडातून उचललेलं. घरी येऊन तिनं विचारलं, “पप्पा, समुद्र खारट म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्यासारखाच का?” सोमनाथला हा प्रश्न चपराक बसावी तसा बसला. त्यानं त्याच संध्याकाळी फोनवर नकाशा उघडला.

तो वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायचा. गेजच्या मापात बसला तर माल, नाही बसला तर भंगार. जगाकडेही तो तसाच पाहायचा. त्यानं वेळसुरे नावाचं किनाऱ्यावरचं एक छोटं गाव शोधलं. तिथल्या तांडेल नावाच्या माणसाच्या घरापुढं दोन खोल्या आणि सुरूच्या झाडाखाली खाटा. बेत साधा होता: शनिवारी रात्री गाडीनं निघायचं, उजाडता समुद्रावर, दिवसभर पाण्यात, संध्याकाळी माघारी. सोमवारी त्याची सुट्टी होतीच, झोप काढायला.

“एवढ्या लांब जाऊन एकच दिवस?” शेजारचा पुंजारामअण्णा गेटवर टेकून म्हणाला. “त्याच्यापेक्षा टँकरवाल्याला सांग, मीठ टाकून दे म्हणावं. पोरीला हौदात सोड.”

दीपमाला हसली. सोमनाथची बायको, शिवणकाम करायची, आणि तिला हसायला फार लागत नसे. तिनं तनूसाठी पिवळा फ्रॉक शिवला होता. तो घालून बघताना पाठीवर उसवला. पिवळा दोरा संपलेला, म्हणून सोमनाथची आई चतुराबाई हिनं हिरव्या दोऱ्यानं टाके घातले.

“चांगला दिसतो का हिरवा?” तनू कुरकुरली.

“पाठ तुला कुठं दिसती? मागून बघणाऱ्याला दिसू दे,” चतुराबाई म्हणाली.

तिनंच मग विचारलं की निघायचं कधी. शनिवार म्हटल्यावर तिनं सुई खाली ठेवली.

“शनिवारी अमावस्या हाय. निघता येत नाय.”

“आई, कंपनीची सुट्टी अमावस्या बघून मिळत नाही.”

“मग पस्ताना ठेवू. आज बेस्तरवार, दिवस चांगला हाय.”

देवगाव रंगारीकडची जुनी माणसं अजून हे करतात. जायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी जाणाऱ्यांची कापडं, मूठभर तांदूळ आणि हळकुंड एका फडक्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं धरलं जातं. खरोखर निघताना गाठोडं उचलायचं आणि पुढं जायचं. मावळतीकडचं घर पुंजारामचं होतं.

तनूचा फ्रॉक गेला. दीपमालानं आपली जांभळी ओढणी दिली. चतुराबाई स्वतः येणार नव्हती, गुडघ्यांमुळं. तिनं सोमनाथपुढं हात केला. “तुझा सदरा दे.”

“मी नाही देणार. मी गाडीत बसल्यावर निघेन. त्याच्या आधी नाही.”

“ज्याचं कापड गेलं तो निघाला, सोमा. तू दिला नाय तर तू निघालाच नाय.”

“चालतंय,” तो म्हणाला.

तिनं गाठ मारली आणि तनूच्या हनुवटीला बोट लावलं. “निघालीस बरं का तू. आता मागं फिरायचं नसतं.”

तनूनं मान डोलावली. तिला हे सगळं खेळासारखं वाटत होतं.

शनिवारी दुपारी साहेबाचा फोन आला. परदेशी गिऱ्हाईक रविवारीच तपासणीला येणार, सगळ्यांनी हजर राहायचं. ‘प्लीज’ म्हणाला, पण विचारलं नाही. सोमनाथनं तांडेलला कळवलं, गाडीवाल्याला कळवलं, आणि शेवटी पोरीला. ती रडली नाही. नुसती खिडकीत जाऊन बसली.

“आधी ते गाठोडं आण,” चतुराबाई म्हणाली.

“पळून चाललंय का ते?”

“ते नाय पळत. आण.”

पण पुंजाराम घराला कुलूप लावून लेकीकडं कन्नडला गेला होता. किल्ली चतुराबाईकडंच ठेवली होती, तुळशीला पाणी घालायला. पण गाठोडं घरच्या कर्त्यानंच उचलायचं, अशी रीत. सोमनाथनं उठून चार पावलं जायला हवं होतं. तो आधीच चिडलेला होता, आणि चिडलेल्या माणसाला म्हातारीचं ऐकणं म्हणजे आणखी एका साहेबाचं ऐकणं वाटतं. तो टीव्ही लावून बसला.

रविवारी कारखान्याच्या गेटवर फोन जमा करावे लागले. संध्याकाळी हातात मिळाला तेव्हा त्यावर तांडेलचे फोन येऊन गेलेले. सोमनाथनं उन्हातच उभं राहून परत लावला.

“पोचली हो साहेब तुमची मंडळी,” तांडेल म्हणाला. “तुम्ही मागून येताय का? वहिनी काही बोलत नाहीत. सकाळपासून वाळूत बसल्यात दोघी.”

“काका, मी रद्द केलं होतं. दुसरं कुणी असेल.”

“पोरीनं नाव सांगितलं ना. तनुजा सोमनाथ. मासे मात्र आवडीनं खाल्लेन हो तिनं.”

सोमनाथनं फोन ठेवला. चतुराबाईच्या गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. माणूस भलतंच बोलतोय, बहुतेक दुपारीच घेऊन बसलाय, असं त्यानं ठरवलं आणि मोटरसायकलला किक मारली.

घरी दोघी होत्या. अर्थात होत्या. दीपमाला मशिनसमोर, तनू खिडकीत. त्याला स्वतःचंच हसू आलं. ताटं वाढली तेव्हा तनूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

“का गं?”

“पोट भरलंय.”

“कशानं?”

ती विचार करत राहिली. जणू उत्तर कुठंतरी लांब ठेवलं होतं आणि आणायला वेळ लागत होता. मग तिनं ताट पुढं सरकवलं.

घरातला माठ रोज सकाळी सोमनाथ भरायचा. उन्हाळ्यात तो रात्रीपर्यंत तळाला जायचा, वाकडा करून तांब्या बुडवावा लागायचा. सोमवारी सकाळी त्यानं झाकण काढलं. पाणी गळ्याशी होतं. काल त्यानं भरलं होतं तिथंच, बोटभर खाली.

“तुम्ही पाणी पीत नाही का?” त्यानं दीपमालाला विचारलं.

“प्यायले की.”

मशिनचं चाक फिरत होतं. सुईत दोरा नव्हता. ती कोऱ्या कापडावर नुसती भोकं पाडत होती, एका रेघेत, व्यवस्थित.

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा होता. ऊबही होती, पण माणूस उठून गेल्यावर खुर्चीला राहते तेवढीच.

तो न्हाणीघरात गेला, तोंडावर पाणी मारलं. जाळीपाशी वाळू साचली होती. टँकरच्या पाण्यातून येते कधीकधी. ती काळी असते, खदानीची. ही पांढरी होती. त्यानं चिमूट उचलून जिभेला लावली आणि थुंकली. मग बराच वेळ चूळ भरत राहिला.

दुपारी तांडेलनं फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, यांना समजवा, कालपासून वाळूतून उठत नाहीत.

पाठमोऱ्या दोघी. समोर राखाडी पाणी. मोठीच्या डोक्यावर जांभळी ओढणी. लहानीच्या अंगात पिवळा फ्रॉक. सोमनाथनं स्वतःला सांगितलं की हल्ली कॉम्प्युटर कुणाचाही फोटो बनवतो, रिकामटेकडे लोक हेच धंदे करतात. मग त्यानं बोटांनी फोटो मोठा केला.

पाठीवर हिरवे टाके होते.

त्या टाक्यांनंतर फ्रॉकचा कुणी फोटो काढला नव्हता. फ्रॉक थेट गाठोड्यात गेला होता. गाठोडं कुलपात होतं.

फोन वाजला.

“साहेब, भरती लागली हो,” तांडेल धापा टाकत होता. वाऱ्यानं त्याचा आवाज फाटत होता. “ओहोटीला बसल्या होत्या तवर ठीक होतं. आता उठल्यात नि पाण्यातच चालल्यात. ओढलं मी, हाताला लागत नाहीत. तुम्ही हाक मारा. तुमचं ऐकतील. स्पीकर लावलाय.”

सोमनाथसमोर, हाताच्या अंतरावर, तनू खिडकीत बसली होती. गुडघ्यावर हनुवटी. मावळतीकडं तोंड.

“तनू,” तो फोनमध्ये म्हणाला.

समोरची तनू हलली नाही. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

फोनमधून पाण्याचा आवाज आला. आणि त्याच्यावरून, हसरा, दमलेला, त्याच्या पोरीचा आवाज.

“काय पप्पा?”

“मागं फिर, बाळा. आईला घेऊन मागं फिर.”

“आजी म्हणली, निघाल्यावर मागं फिरायचं नसतं.”

“मी सांगतोय ना.”

“तुम्ही आलातच कुठं?” ती म्हणाली. रागानं नाही. साधं विचारलं. पलीकडून दीपमालाचा आवाज आला, ती रोज गेटमधून मारायची तशी हाक. “अहो, या ना आता. किती उभं राहायचं?”

फोन बंद पडला.

तो किल्ली घेऊन धावला. चतुराबाई गुडघे धरत मागून आली.

पुंजारामच्या घरात देवळीखाली गाठोडं ठेवलेलं होतं. भोवती फरशी ओली. फडकं चिंब भिजून जड झालेलं, त्याला खाऱ्या, कुजक्या पाण्याचा वास. गाठीतून थेंब पडत होता. तो खाली पडायचा, आणि मग पाणी भिंतीकडं चढायचं, थांबायचं, परत यायचं.

त्यानं गाठीला हात घातला.

“सोडू नको.”

“कापडं काढतो त्यांची.”

“अर्ध्या वाटेत सुटतील, सोमा. ना तिथल्या, ना इथल्या.”

“मग घरी नेतो तसंच.”

“त्या मागं फिरायच्या नायत. मीच तोंडानं सांगितलंय पोरीला.” म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “हाक ऐकती ती. पण ज्याचं कापड नाय, त्याला तिथं हात नाय.”

सोमनाथनं तिच्याकडं पाहिलं. जन्मभर प्रत्येक गोष्ट गेजमध्ये घालून पाहिलेला माणूस. त्यानं सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. निळा सदरा, खिशावर कारखान्याचं नाव. घामानं भिजलेला.

“थांब,” चतुराबाई म्हणाली. “माझंबी लुगडं घाल त्यात. मीबी येते.”

“तू नको. आम्ही परत आलो तर दार उघडायला कुणीतरी पाहिजे.”

त्यानं सदरा गाठीखाली कोंबला. फडक्यानं तो आत ओढून घेतल्यासारखा घेतला. जमिनीवरचं पाणी एकदा पुढं आलं, त्याच्या पायांना लागलं, आणि थांबलं.

तो उघड्या अंगानं घरी आला. गल्लीत ऊन होतं, पण भाजलं नाही. खिडकीतली तनू पहिल्यांदा वळली आणि सरकून तिनं शेजारी जागा केली. दीपमाला मशिनवरून उठून तिच्या पलीकडं बसली. तोही बसला.

बऱ्याच वेळानं फोन थरथरला. तांडेलचा फोटो होता. पाठमोरे तिघं, गुडघाभर पाण्यात. मधली दोघांचे हात धरून. निळा सदरा वाऱ्यानं फुगलेला. खाली लिहिलं होतं, आलात ते बरं झालं साहेब, पण पुढं जाऊ नका.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गल्ली बादल्या, पाइप, ड्रम घेऊन धावली. भांडणं सुरू झाली. पलीकडच्या बाईनं गेट वाजवून विचारलं, “मावशी, पाणी नाय का घ्यायचं?”

“भरलेलं हाय,” चतुराबाई आतून म्हणाली.

तिनं माठात तांब्या बुडवला आणि सोमनाथपुढं धरला. त्यानं तांब्याकडं पाहिलं. पाणी ओळखीचं वाटलं, पण ते कशासाठी असतं हे आठवायला वेळ लागत होता.

चतुराबाईनं तांब्या परत माठावर ठेवला. चूल पेटवली. परात घेऊन बसली, डबा उघडला आणि एका भाकरीचं, आपल्यापुरतं पीठ काढलं. हात डब्यातच राहिला.

मग तिनं झाकण लावलं.