उघड्या दाराला टकटक

चार्ल्स्टनच्या जुन्या बाजाराच्या पायऱ्यांवर बरोबर दहाला दोन माणसं उभी असायला हवी होती. होता एकच. उंच, रुंद खांद्यांचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. हातात उकडलेल्या शेंगांची ओली पुडी, आणि फेरी सुरू व्हायच्या आधीच तोंड चालू!

"मिस्टर डेव्हो?" अल्थियाने विचारलं.

"कॉर्नेल डेव्हो. हजर आहे, मॅम."

"आणि दुसरं कोण? नोंद दोघांची आहे."

"दोघांचीच राहू द्या. मी एकटा आलोय, पण भूक दोघांची आणलीय."

गिऱ्हाइकाच्या पहिल्या विनोदाला हसायचं नाही, असा अल्थिया मॅनिगोचा नियम होता. एकदा हसलं, की तो माणूस दिवसभर विनोदच करत सुटतो. सहा वर्षं तिने हा नियम पाळला होता. त्या सकाळी मात्र ओठ ऐकेनात... मग तिने पटकन पाठ वळवली आणि छत्री उघडमीट करून पाहिली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

अल्थियाचं काम असं : एका वेळी एकच कुटुंब किंवा एकच जोडपं घ्यायचं, आणि तीन तास त्यांना पायी हिंडवून गावाची चव दाखवायची. तिचं दुकान नव्हतं, गाडी नव्हती. होती ती फक्त जीभ — बोलायला आणि चाखायला — आणि सहा वर्षांत एकेक करून जोडलेली दहा दारं. कुठल्या बाईने कुठल्या वारी भेंडीचं सार केलंय, कुणाच्या मक्याच्या कण्या मऊसूत शिजतात, बाजारातली मिस लुएला गवताच्या टोपल्या विकता विकता तिळाची कुरकुरीत बिस्किटं टोपलीखालून कुणाला काढून देते आणि कुणाला "संपली" म्हणून वाटेला लावते... हे सगळं अल्थियाला ठाऊक. हीच तिची शेतीवाडी म्हणा ना.

ती चालायची उलटी. पाठ रस्त्याकडे, तोंड माणसांकडे. टाचांना जणू डोळे फुटलेले.

"पडत नाही कधी?" कॉर्नेलने विचारलं.

"गिऱ्हाइकं पडतात. माझ्याकडे बघत चालतात म्हणून."

"त्यांना दोष कसा द्यायचा?"

अल्थियाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र गरम झाले.

ती एका घरासमोर थांबली. तिथली जुनी घरं रस्त्याला खांदा लावून, आडवी उभी असतात. रस्त्यावरचं दार उघडलं, की घरात नव्हे, लांबलचक ओसरीत पाऊल पडतं.

"हे दार नीट बघून ठेवा," ती म्हणाली. "उघडं असलं, की समजायचं — या. बंद असलं, की घरचे घरात आणि पाहुणे रस्त्यावर. मग तुम्ही महापौर असा नाहीतर पाद्री."

"आणि उघडं असूनही एखाद्याने टकटक केली तर?"

"तर समजायचं, माणूस सव्हानाचा आहे."

कॉर्नेलला जोराचा ठसका लागला. तिळाचं बिस्किट घशात अडकलं असावं. अल्थियाने पाणी दिलं, पाठीवर दोन थापट्याही दिल्या. दोन तासांवरच्या सव्हाना गावाशी चार्ल्स्टनचं वाकडं फार जुनं. टोमॅटोत शिजवलेला लाल भात मूळ कुणाचा, यावरून दोन्हीकडच्या म्हाताऱ्या अजून एकमेकींचं नाव काढत नाहीत.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तोच. नोंद दोघांची, माणूस एक.

"मागच्या मंगळवारचं पोट अजून भरलं नाही?" अल्थियाने विचारलं.

"पोट भरलं. गोष्टी कमी पडल्या."

आणि गोष्टी तो फार लक्ष देऊन ऐकायचा. बंदराजवळच्या भिंतीपाशी तिने समुद्री लुटारूंची गोष्ट रंगवून सांगितली, तेव्हा हा खांबाला टेकून म्हणाला, "मागच्या वेळी या भिंतीवरून एकच लुटारू उडी मारून पळाला होता. आज तिघे कसे?"

"दोघे मागून आले."

"आठवडाभराने?"

"आमच्या गावात सगळं सावकाश चालतं, मिस्टर डेव्हो."

तो इतका मोठ्याने हसला, की घोडागाडीचा घोडासुद्धा मान वळवून बघायला लागला. त्या रात्री दात घासताना अल्थियाला ते हसू आठवलं, आणि आरशातल्या मुलीला तिने दटावलं, "पुरे!"

तिसऱ्या मंगळवारी खाडीवरून भुरभुर पाऊस आला. छत्री एक, माणसं दोन. छत्रीखाली उलटं चालता येत नाही. शेजारी शेजारीच चालावं लागतं. गवताचा ओला वास, त्याच्या बाहीचा ओझरता स्पर्श... अल्थिया दोन गोष्टी सांगायच्या विसरली, तिसरी अर्धीच सांगितली. त्याने एकही चूक काढली नाही.

"सोमवारी माझी सुट्टी असते," ती एकदम म्हणाली. समोर बघत. "नॅसॉ स्ट्रीटवर मी मावशीकडे राहते. ती लाल भात करते. वाफेवरचा. तो माझ्या फेरीत नाही. गिऱ्हाइकांना मी तिथे नेत नाही... कुणालाच नाही."

"मग मला?"

"तुम्हाला भूक दोघांची असते ना. म्हणून."

कॉर्नेलचा चेहरा असा उजळला, की बिचाऱ्याचं भानच हरपलं. तेवढ्यात चौक आला. घोडागाडी वळत होती. कॉर्नेल झरकन छत्रीबाहेर पडला, दोन पावलं पुढे झाला, टाचेवर गर्रकन वळला, डावा हात उंच केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "थांबा मंडळी! गाडी जाऊ द्या. सगळे आले ना? एक—"

बोट हवेतच राहिलं.

त्याच्या पाठीमागून गाडी खडखडत गेली. समोर एकटी अल्थिया होती.

"मंडळी?" ती म्हणाली.

कॉर्नेलच्या भुवईवरून पाणी ओघळत होतं.

"सहा वर्षं मी हाच हात अस्साच वर करतेय, मिस्टर डेव्हो. हा हात पाहुण्याचा नाही. कुठली फेरी काढता तुम्ही?"

"...सव्हानाची."

मग सगळंच बाहेर आलं. तो सव्हानात हेच काम करत होता, एका मोठ्या कंपनीसाठी. मालकाला आता चार्ल्स्टनमध्ये फेऱ्या सुरू करायच्या होत्या. त्यानेच कॉर्नेलला पाठवलं होतं : त्या मॅनिगोबाईच्या मागे जा, तिचे थांबे टिपून आण.

"पहिल्या वेळी टिपले," तो म्हणाला. "खोटं नाही बोलणार. पण दुसऱ्या वेळी आणि आज... माझा मी आलो."

अल्थियाची दहा दारं! एकेका दाराशी वर्ष-सहा महिने बसून, भांडी घासून, म्हाताऱ्यांच्या तक्रारी ऐकून मिळवलेली. उद्या तिथे पन्नास पन्नास माणसांच्या रांगा लागतील. आणि अकरावं दार तर तिने आत्ता, या घडीला, स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं.

"अल्थिया—"

"मिस मॅनिगो. दोन थांबे उरलेत. मी फेरी अर्धी सोडत नाही. चला."

त्या दिवसासारखी नेटकी फेरी तिने सहा वर्षांत केली नसेल. गोष्टी चोख, सनावळ्या चोख, लुटारू एकच. छत्री तिच्या डोक्यावर, आणि तो तीन पावलं मागे, भिजत. शेवटी तिने हात पुढे केला, हस्तांदोलन केलं आणि म्हणाली, "पुन्हा येऊ नका."

घरी अर्नेस्टीन मावशी भाताच्या दुमजली भांड्यापाशी पहारा देत बसली होती. वाफ धरली, की त्या झाकणाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"तोंड का गं आंबट?"

अल्थियाने सगळं सांगितलं. मावशीने टोमॅटो आणि धुरावलेल्या सॉसेजचा वास नाकात भरून घेतला.

"देखणा आहे?"

"मावशी! त्याने फसवलं मला."

"ते ऐकलं. देखणा आहे का विचारलं."

"...आहे."

"हे बघ, भाताचं झाकण उघडलं की भात बिघडतो. माणसाचं तसं नाही. उघडून बघितल्याशिवाय शिजलाय की कच्चा, कळत नाही. त्याने तुझी फेरी तीनदा केली ना? तू त्याची एकदा कर."

शुक्रवारी अल्थियाने सव्हानाची बस पकडली. नोंद मावशीच्या नावाने केली होती : दोन माणसं. चौकातल्या बागेत, शेवाळाच्या दाढ्या सोडलेल्या ओक वृक्षाखाली कॉर्नेल पाठमोरा उभा होता.

"मिस अर्नेस्टीन ना? नमस्कार मॅम, मी—" तो वळला, आणि मग सावकाश म्हणाला, "नोंद... दोघांची आहे. दुसरं कोण?"

"दुसरीही मीच. भूक एकीची आहे. दुसरी राग घेऊन आलीय."

"दोघींचं स्वागत आहे," कॉर्नेल म्हणाला. आवाज जरासा हलला, तरी पाऊल नाही. उलट्या चालीने निघाला. अल्थिया मनात म्हणाली, चांगला चालतो. सावलीची बाजू धरतो. वळणावर आवाज चढवत नाही. प्रत्येक चौकात तो हात उंच करायचा, एकटीलाच मोजायचा — "एक" — आणि दर वेळी ते "एक" थोडं आणखी हळू व्हायचं.

एका लहानशा खाणावळीत त्याने तिच्यापुढे लाल भात ठेवला. भट्टीत भाजलेला, कडेला खरपूस.

तिने घास घेतला. "बरा आहे."

"नुसता बरा?"

"भट्टीत सुकवलेल्या भाताला आणखी काय म्हणायचं?" तिने काटा खाली ठेवला. "यादी दिलीत मालकाला?"

"दिली. बाजार, बंदर, पाटीवर नाव असलेली तीन हॉटेलं. कुठल्याही नकाशात सापडतात ती. मिस लुएलाची बिस्किटं नाहीत. तुझी दहा दारं नाहीत. नॅसॉ स्ट्रीट तर नाहीच." त्याने भाताची ताटली जराशी सरकवली, पुन्हा होती तिथे ठेवली. "मालक म्हणाला, एवढ्यासाठी तीनदा गेलास? मी म्हटलं, एवढ्यासाठी एकदाच गेलो."

"मग?"

"मग शनिवार-रविवारच्या फेऱ्या काढून घेतल्या माझ्या. मी मोकळा."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी तर मी आधीपासूनच मोकळा होतो... कुणीतरी बोलावलं होतं."

अल्थियाने दुसरा घास घेतला. खरपूस कडेचा. मग तिसराही. खरं सांगायचं, तर भात फक्कड होता. पण चार्ल्स्टनच्या मुलीने ते सव्हानात बसून कसं कबूल करावं?

बस सुटायच्या वेळी ती म्हणाली, "दार उघडं असेल की बंद, ते मी आत्ता सांगणार नाही. येऊन बघायचं."

सोमवारी सकाळी दहालाच अल्थियाने रस्त्याकडचं दार उघडलं. वाऱ्याने ते मिटलं. तिने पुन्हा उघडलं. मावशीने येऊन लावलं, "माशा येतात गं!" तिने तिसऱ्यांदा उघडलं, आतून मावशीच्या आजीची जाडजूड लोखंडी इस्त्री आणली आणि दाराला टेकवली. मावशीने इस्त्रीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि मुकाट्याने तिसरी ताटली काढली.

चर्चची घंटा बाराचे ठोके देऊन थांबली. निळ्या छताच्या ओसरीवर अल्थिया झुलत्या बाकावर बसून होती, पुस्तक हातात धरून. पान एकच. मग पावलं आली. दारापाशी थांबली. आणि सताड उघड्या दारावर, अगदी हलकेच — टक, टक, टक.

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "आला गं तुझा सव्हानाचा!"

अल्थिया उठली. पुस्तक बाकावरच राहिलं. दारात कॉर्नेल होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात फडक्याने झाकलेलं भांडं.

"दार उघडं आहे, दिसत नाही?"

"दिसतंय."

"मग?"

"वाऱ्याने उघडलं की तू, तेवढं विचारायचं होतं."

"वाऱ्याला एवढी इस्त्री उचलता येते का?"

कॉर्नेलने खाली पाहिलं. काळी, पाच-सहा किलोची इस्त्री दाराला घट्ट टेकून बसली होती. मग तो हसला. पण ते नेहमीचं घोडे वळवणारं हसू नव्हतं.

"अल्थिया, मी तुझे थांबे मोजायला आलो होतो," तो म्हणाला, "आणि तुझ्यापाशीच थांबलो. मला तू आवडतेस. ही गोष्ट दर मंगळवारी सांगेन, आणि एकदाही बदलणार नाही."

"एकदाही नाही?" अल्थिया म्हणाली. "मग कसला फेरीवाला तू? थोडी वाढवत जा की दर वेळी."

"म्हणजे... तुलाही?"

उत्तर द्यायच्या आधी तिने डावा हात उंच केला. बोट त्याच्याकडे केलं, "एक." मग स्वतःकडे वळवलं, "दोन." आणि म्हणाली, "आले सगळे. ये आत."

तो आत आला. भांड्यातून भट्टीतल्या भाताचा खरपूस वास सुटला आणि आतून येणाऱ्या वाफेच्या वासाला जाऊन भिडला. "काय आणलंय रे?" मावशी ओरडली. "लाल भात, मिस अर्नेस्टीन! सव्हानाचा!" "या घरात? अरे देवा... बरं, आण इकडे. बघते तरी."

अल्थियाने पायाने इस्त्री बाजूला सारली आणि रस्त्याकडचं दार लावून घेतलं.

"अगं," कॉर्नेल म्हणाला, "आता बाहेरचे काय समजतील?"

"समजायचं तेच," ती म्हणाली. "घरचे घरात."