ती मशीन की ते मशीन?

"अहो, कशाला मारायलात तिला?"

मी दचकून मागं पाहिलं. दारात एक उंच मुलगा उभा. काखेत हेल्मेट, खांद्याला हत्यारांची बॅग, बाहेरच्या भुरभुर पावसानं केस कपाळाला चिकटलेले. मशीनच्या पाठीत धपाटा घालायला उचललेला माझा हात तसाच वर राहिला.

"तिला? कुणाला?"

"मशीनला. आधीच गरम झाली असेल बिचारी, आन् तुम्ही वरनं मारायलात ताई."

एका दमात दोन चुका! "एक तर मशीनला 'ते' म्हणतात. ते मशीन. आणि दुसरं म्हणजे, मी तुमची ताई नाही."

"आमच्या लातूरकडं 'ती'च म्हणतात," तो म्हणाला. मग हळूच हसला. "दुसरं मात्र ऐकतो."

असा धनेश, झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारा, आमच्या ऑफिसात आला. आता तुम्हीच सांगा, असल्या हसण्यावर चिडून राहता येतं का? मला तरी नाही आलं.

मी अपेक्षा. राहायला कुरुळीत, नोकरी जवळच, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, अ‍ॅडमिनला. तुम्ही म्हणाल, आता सगळं मोबाईलवर असतं, झेरॉक्स काढतंय कोण? या एकदा आमच्याकडं ऑडिटच्या आठवड्यात! ढिगानं ड्रॉइंग, ढिगानं तपासणीचे कागद, आणि हे सगळं ओढायला एकच मशीन. कपाटाएवढं, आणि कंपनीत माझ्यापेक्षा सीनियर. सकाळी चालू केलं की चहा पिऊन होईपर्यंत नुसतं गरमच होत राहायचं, मग खडखडाट करत सुटायचं. हवा दमट झाली की कागद गिळून गप्प.

त्या पावसाळ्यात हवा फारच दमट होती. देवाची कृपा.

धनेश यायचा, बाही दुमडायचा, मशीनचं दार उघडून आत तोंड घालायचा आणि तिथूनच माझ्याशी बोलायचा. "कागद आधी असे फुलवून घ्यायचे बघा, पत्त्यांसारखे. हवा लागू द्यायची. दमट हवेत ते एकमेकांना सोडतच नाहीत."

"किती छान," मी म्हणाले.

"कागदांचं म्हणायलोय मी," तो म्हणाला, आणि मशीनच्या आतसुद्धा त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

एकदा वाकून बघताना माझ्या ओढणीचं टोक रोलरमध्ये गेलं. त्यानं ते हळूच सोडवलं... आणि पांढऱ्या ओढणीवर त्याचा काळाकुट्ट अंगठा उमटला.

"अरारा! थंड पाण्यानं धुवा हं. टोनरची ही काळी पूड गरम पाण्यानं वितळून कापडात पक्की बसते. मग जन्मात निघत नाही."

"बरं," मी म्हणाले.

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात साहेबांच्या डोक्यात नवीन मशीन घ्यायचं आलं. जुनं ठेवायचं की नवीन घ्यायचं, हे धनेशनं दोन्ही बघून सांगायचं. नवीन मशीन आलं की त्याच्यासोबत त्या कंपनीचाच सर्व्हिसवाला येणार. मग धनेश कशाला येईल? पण मी मनाला समजावलं. तो जुनंच ठेवा म्हणेल. म्हणेलच!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सोपानकाका आले. काका आमच्या स्टोअरला आहेत, आणि आमच्याच आळीतले. तोंड अगदी सुतक पडल्यासारखं.

"आपे, त्यो झेरॉक्सवाला पोरगा सरळ न्हाई बरं का. दोन-दोन पोरी हायेत त्याला!"

"काहीतरीच काय, काका!"

"आगं ह्या कानांनी आयकलं, टपरीवर. फोनवर बोलत हुता. म्हनला, जुनी लई आवाज करते, गरम बी व्हते, पन काय बी खायला घाला, तक्रार न्हाई. नवी देखनी हाय, बोट लावलं की जागी व्हते, पन नखरे लई, एसीबिगर ऱ्हात न्हाई. आन् शेवटाला काय म्हनला ठावं हाय? आता जुनी सोडलेलीच बरी!"

मी डबा तिथंच बंद केला. मेला! एक नाही, दोन-दोन! आणि मी इथं कागद फुलवत बसले!

दुपारी धनेश आला. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

"आलात बघून नवीला?"

"आलो की. तळवड्याला आहे, एका ऑफिसात."

"देखणी आहे म्हणे."

"आहे तर. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आणि जुनीला सोडून देणार? लाज नाही वाटत?"

त्याचं तोंड उतरलं. "जीव तुटतोय हो. पण करू काय... तिचा ड्रम गेलाय."

"...ड्रम?"

"ड्रम. रोलर पण झिजलेत सगळे."

अगं बाई! मी कपाळावर हात मारला. पहिल्याच दिवशी त्याला व्याकरण शिकवणारी मी, आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला नव्हता. मी सोपानकाकांची बातमी सांगितली. तो इतका हसला, इतका हसला, की खाली बसला. मीही हसले. मग एकदम माझं हसू थांबलं.

"म्हणजे... साहेबांना तुम्ही नवीनच घ्या म्हणून सांगितलंत?"

"हो."

"मग तुमचं येणं बंद होईल. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि तरी सांगितलंत?" माझा आवाज रडवेला झाला, झाला तर झाला.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "जुनीच ठेवा म्हणालो असतो, तर सारखा आलो असतो. पण ऐन ऑडिटला ती बसली असती, आन् बोलणी तुम्ही खाल्ली असती. ते नको वाटलं. आन्... बिघडलेल्या मशीनच्या आडनं किती दिवस यायचं? मला चांगल्या चाललेल्या मशीनला पण यायचंय. म्हणजे, मशीनला नाही..."

तो अडखळला. मग भलतंच विचारलं, "ओढणीचा डाग गेला का?"

"नाही."

"थंड पाण्यानं नाही धुतली?"

"गरम पाण्यानं धुतली."

"...चुकून?"

"छे. चांगलं उकळून."

धनेश माझ्याकडं बघतच राहिला. मग स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं. आणि कान... ते तर विचारूच नका! धडपडत तो बाहेर गेला आणि दारातच फोन लावला.

"आई! ती हो म्हणाली!"

नेमके सोपानकाका खोकं घेऊन चालले होते. थबकले. "कोन? जुनी का नवी?"

"काका," मी आतून ओरडले, "हा आजपासून मशीनला 'ते' म्हणतो. विचारा त्याला!"

"हो काका," धनेश शहाण्या मुलासारखा म्हणाला. "ते मशीन."

"आन् मग ती कोन?"

धनेशनं माझ्याकडं बोट दाखवलं. तेही टोनरनं काळंच होतं.