खिंडीतली माती

मोरदुर्गाच्या बुरुजांवर पहाटेचे ऊन आले, तेव्हा खालची भातखाचरे अजून काळोखातच होती. सूर्य खालच्या अंगाने, पूर्वेच्या समुद्रातून उगवे, पण त्याचा उजेड आधी मिळे तो वरच्या डोंगरांना. खालच्या तरफेचे सरदार सिदोजी काटकर यांना हेदेखील खुपत असे.

त्या दक्षिण प्रांताची रचना नीट ध्यानात यावी म्हणून आपला डावा हात छातीसमोर आडवा धरा आणि बोटे थोडी खाली वाकवा. हाताची पाठ म्हणजे वरचे पठार. बोटांच्या मुळाशी जी हाडे वर येतात, ते घाट. उतरती बोटे म्हणजे डोंगराच्या सोंडा, बोटांमधल्या फटींतून नद्या वाहतात आणि नखांपाशी समुद्र लागतो. एवढा पसारा एका माणसाला आवरेना, म्हणून सुभेदारांनी प्रांताच्या दोन तरफा केल्या. पठारावरची गावे, कुरणे आणि मोरदुर्ग नागोजी पांढरे यांना दिला. घाटाखालची भातखाचरे आणि बंदरे सिदोजींना.

दोघे एकाच पथकात वाढलेले, एका ताटात जेवलेले. पण त्या दिवसापासून सिदोजींना नागोजींचे सुख पाहवेना. "त्याला किल्ला, आणि मला बेडकांची डबकी," असे ते उघड म्हणत. नागोजींनी नवा घोडा घेतला की सिदोजींना जेवण गोड लागत नसे.

अखेर त्यांनी दोन तरफांमधल्या खिंडीवर हक्क सांगितला. सुभेदारांचा हुकूम आला: रिवाजाप्रमाणे सिदोजींनी शीव चालावी.

हा रिवाज कठोर होता. वादातल्या जमिनीची माती पाटीत भरून डोक्यावर घ्यायची आणि अनवाणी, मुक्याने चालायचे. पाऊल पडेल ती शीव. मात्र पाटी खाली ठेवली किंवा तोंडातून शब्द निघाला, की शीव तिथेच संपली. पुढचे सारे दुसऱ्याचे.

खिंडीखालच्या झऱ्यापाशी गावचे वृद्ध पाटील बसवंतगौडा यांनी पाटी उचलली.

"जड आहे, सरदार."

"नागोजीरावांच्या भाग्याहून हलकीच असेल," सिदोजी म्हणाले.

नागोजी हसले. "मान सांभाळा, राव. ताठ मानेची तुम्हांला सवय आहेच म्हणा."

पाटी डोक्यावर चढली आणि सिदोजी निघाले. मागून नागोजी आणि दोन्हीकडचे लोक. सिदोजी वाट वाकडी करतील या संशयाने नागोजींनी किल्ल्यावरची जवळजवळ सारी शिबंदी साक्षीला खाली आणली होती, आणि तिला लवकर परतता यावे म्हणून दरवाजा उघडाच ठेवला होता. सर्वांचे डोळे सिदोजींच्या पावलांवर खिळले होते.

सिदोजींना मात्र मान वाकवता येत नव्हती. म्हणून त्या साऱ्या जमावात दूरवर पाहत होते ते एकटेच.

खिंडीच्या तोंडाशी त्यांना उत्तरेच्या दरीत भाले चमकताना दिसले. बंडखोर पाळेगार तिम्मा नायकाची माणसे किल्ल्याकडे चढत होती.

खिंडीच्या पलीकडच्या टोकाला शिवेचा उभा धोंडा समोरच दिसत होता. तिथवर मुकाट गेले की खिंड आपली. किल्ला पडला तर नागोजीची सरदारकी जाईल; मग वरची तरफही कदाचित आपल्याकडेच येईल. आणि दोष कोण देईल? बोलायचे नाही हा तर रिवाजच. सिदोजी चालत राहिले. ती पावले त्यांना फार गोड वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग किल्ल्यावरून नगारा वाजला. रोजचाच, सकाळचा नगारा. तो वाजवणाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हते. आत नागोजींची बायकामुले होती. धाकटीच्या बारशाला सिदोजींनीच पाळण्याला हात लावला होता.

त्यांनी पाटी उतरवली.

नागोजींचा चेहरा उजळला. "संपली शीव. खिंड माझी."

"तुझीच. आता वर बघ, नागू. दरीतून तिम्मा नायक चढतोय आणि तुझा दरवाजा उघडा आहे."

नागोजींनी वर पाहिले आणि त्यांचा रंग उतरला.

"तू गडावर पळ," सिदोजींनी शेजारच्या शिपायाची तलवार घेतली. "दरीची वाट खिंडीपाशी अरुंद होते. मी तिथे थांबतो."

"माझ्या जमिनीवर तू का मरायचं?"

"मरायचं कोण म्हणतंय? पळ म्हणतो ना."

सिदोजी आणि खालच्या तरफेचे त्यांचे लोक त्या अरुंद वाटेवर उभे राहिले. वरचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी पाऊल मागे घेतले नाही. पाळेगार परतला, सिदोजींचा उजवा हात मात्र कायमचा निकामी झाला.

नागोजींनी खिंड परत देऊ केली. सिदोजी म्हणाले, "शीव चालून झाली. रिवाज मोडू नका."

पुढे खिंडीची चौकी, कुरण सारे नागोजींच्याच ताब्यात राहिले. तरीही येणारा-जाणारा प्रत्येक वाटसरू पाटी उतरवली त्या जागी मूठभर माती टाकी आणि त्या जागेला सिदोजीची खिंड म्हणे. नागोजींनी चौकीवर आपल्या नावाची शिळा बसवली. ती कोणी वाचत नसे.

मोरदुर्गावर आताही उजेड आधीच पडे. नागोजी बुरुजावर उभे राहून खाली खिंडीकडे पाहत. मातीचा तो ढीग दर वर्षी थोडा उंच होई, आणि त्यांना जेवण गोड लागत नसे.