पांढऱ्या रानातलं कडं

शर्यत संपली की धावपटूंना दोन गोष्टी हव्या असत: गरम कॉफी आणि स्वतःचं कौतुक. नकाशावाला पहिली देई, तीही पाणचट. दुसरीच्या वाटेला तो कधी गेला नाही.

ओरिएंटियरिंग म्हणजे हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावायचं. ठरलेल्या खुणा एकामागून एक गाठायच्या, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. क्लबासाठी रानाचे नकाशे तोच काढी, एकेक खडक आणि एकेक ओघळ पायांखाली घालून. शर्यत झाली की सगळ्यांच्या मनगटावरच्या जीपीएस घड्याळांतून तो त्यांच्या वाटा उतरवून घेई, आपल्या नकाशावर चढवी आणि क्लबाच्या लांबट खोलीत भिंतीवर दाखवी. प्रत्येकाची एक रंगीत रेघ, रेघेवर पळणारा एक ठिपका. कोण ओढ्यात अडकलं, कोण काट्यांत शिरलं, सगळं चव्हाट्यावर.

आठवडाभरात नकाशावाल्याला एवढा एकच तास खरा आवडे.

"हे आमचे दंतवैद्य बघा," तो काठीने दाखवी. "ओढा नुसता ओलांडायचा होता. यांनी त्याच्याशी सोयरीक जमवली."

लोक हसत. दंतवैद्यही हसत, कारण न हसणाऱ्याची पुढच्या खेपेला जास्त सालटी निघत.

त्या रविवारी संघाची निवड चाचणी होती. नकाशावाल्याच्या बहिणीची मुलगीही धावली. नकाशा वाचायला तिला त्यानेच शिकवलं होतं, त्यामुळे तिची चूक त्याला आपल्याच सदऱ्यावर पडलेल्या डागासारखी वाटे. आणि आज तिची निवड थोडक्यात हुकली होती. संघातली जागा दुसरीला गेली.

भिंतीवर तिचा निळा ठिपका छान पळत होता. शेवटच्या खुणेआधी, मोकळ्या झाडीत, तो थांबला. थांबूनच राहिला. मग पुन्हा सुटला.

"दमलीस?" नकाशावाल्याने विचारलं.

"मी थांबले नाही, मामा."

"मग हा ठिपका काय खोटं बोलतोय?"

"ते मला माहीत नाही. मी पळतच होते."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

खोली हसली. भाची मान खाली घालून बुटाची नाडी सोडू लागली.

मग दंतवैद्यांचा ठिपका त्याच झाडीत आला आणि थांबला. त्यामागून आलेला हिरवाही थांबला. त्यानंतरचे दोघंही. हसू विरळ होत गेलं.

"अहो, मीसुद्धा थांबलो नव्हतो," दंतवैद्य म्हणाले. "शर्यतीत उभं कोण राहील?"

"उभ्या उभ्या झोपा काढणारी जनावरं असतात," नकाशावाला म्हणाला. "आज कळलं, ती फीसुद्धा भरतात."

संध्याकाळी घरी त्याने सगळ्या वाटा एकावर एक ठेवल्या. उद्देश एवढाच, की पुढच्या रविवारी आणखी चांगली टिंगल करता यावी. एकेकट्या बघताना जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी आला होता आणि वेगवेगळ्या जागी थांबला होता. काहीजण तर त्यासाठी वाट सोडून बाजूला वळले होते. पण थांबलेले सगळे ठिपके मिळून एक कडं होत होतं. हाताला हात लावून माणसं उभी राहतात तसं.

कड्याच्या आत पांढरं होतं. या नकाशांत पांढरं म्हणजे मोकळं रान, खुशाल धावा. इथे काढण्यासारखं काही नाही, असं त्यानेच ठरवून ती जागा कोरी सोडली होती.

घड्याळं भिकार, तो मनाशी म्हणाला. पण हीच भिकार घड्याळं बाकी सगळीकडे पायवाटेला केसभरही सोडत नव्हती. त्याने घड्याळांनी टिपलेले नाडीच्या ठोक्यांचे आलेख उघडले. कड्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाची नाडी गाढ झोपलेल्या माणसासारखी संथ होती. निघताच पुन्हा धावणाऱ्याची.

त्याला भीती वाटली नाही. राग आला. आपल्या नकाशात आपल्याला न विचारता कुणीतरी ढवळाढवळ केल्यासारखा.

शनिवारी सकाळी तो भाचीला घेऊन तिथे गेला. "तू कुठे थांबलीस ते तुलाच दाखवतो," असं म्हणून. सुयांसारख्या पानांची उंच झाडं, त्यांच्यामधून तिरपं ऊन, चिकाचा वास. नकाशात होतं तसंच सगळं. त्यामुळे तो खूश झाला.

"या खडकापाशी थांब," तो म्हणाला. "मी आरपार जाऊन येतो. भुतं दिसली तर नमस्कार सांगतो."

"मामा, जाऊ नका ना."

"का? मीही झोपेन?"

तो सरळ गेला आणि सरळ परत आला. पायांखाली वाळक्या सुया चुरचुरल्या, एक डास मानेला चावला. बास. पण भाची खडकापाशी नव्हती. बरीच पुढे येऊन, दोन्ही हात सोडून ती उभी होती. तिची नजर त्याच्यावर नव्हती. तो जिथून चालत आला होता त्या रिकाम्या जागेवर होती.

"तुला खडकापाशी थांब म्हटलं होतं."

"खडकापाशीच तर आहे." तिने आधारासाठी मागे हात नेला. हाताला काहीच लागलं नाही. मग तिने वळून पाहिलं, आणि खडक किती लांब आहे ते तिला दिसलं.

परतताना गाडीत ती मागे वळून झाडांकडे बघत होती. मग म्हणाली, "मामा, ती जागा पांढरी ठेवू नका. काहीतरी काढा तिथे."

"काय काढू? तुझं डोकं? तेही रिकामंच आहे."

घरी त्याने स्वतःची वाट चढवून पाहिली. सुतासारखी सरळ रेघ कड्याच्या मधोमध गेली होती, आणि कुठेही थांबली नव्हती. याला म्हणतात माणूस, तो पुटपुटला. भाचीच्या घड्याळातली वाट मात्र त्याने मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी शर्यत भलत्याच रानात होती, नदीपलीकडे. दुपारी खोली भरली. भिंतीवरचे ठिपके अखंड पळत राहिले. एकही थांबला नाही.

"अरेरे," नकाशावाला म्हणाला, "आज कुणाला डुलकी लागली नाही वाटतं?"

कुणी हसलं नाही.

त्याने काठी उचलली. "बरं, आता दंतवैद्यांचा पराक्रम बघा. इथे या महाशयांनी..."

"मामा."

भाची दारात उभी होती. अंगात कोट, आवाज बसलेला.

"मध्ये बोलू नकोस."

"मामा, सगळे गेले."

खुर्च्या रिकाम्या होत्या. भिंतीवर नकाशा नव्हता, प्रोजेक्टर आपोआप बंद पडला होता. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवरून केव्हाच उतरलं होतं. उचललेली काठी त्याच्या हातात तशीच होती, आणि खांदा दगडासारखा आखडला होता.

"गेले कसे? मी बोलत होतो."

"तुम्ही बोलता बोलता थांबलात. किती हाका मारल्या, मग सगळे घाबरून निघून गेले. शेवटी मी डॉक्टरांना आणायला गेले होते. ते येतायत."

"मी थांबलो नाही," तो म्हणाला.

ती खाली फरशीकडे बघत होती.

त्यानेही पाहिलं.

दारापासून खुर्च्यांपर्यंत चिखलाच्या पावलांची वर्दळ होती, खुर्च्यांपासून दारापर्यंतही. तिथे नवल नव्हतं. नवल त्याच्याभोवती होतं. बुटांचे ठसे, जोडीजोडीने, सगळ्या बाजूंनी. प्रत्येक जोडीची टोकं त्याच्याकडे वळलेली. त्या ठशांपर्यंत येणारं पाऊल नव्हतं, की तिथून जाणारं.

चिखल वाळून पांढरा पडला होता.

फक्त त्याच्या पाठीमागची, टाचेला टेकलेली एक जोडी अजून ओली होती. ती बुटांची नव्हती.