रशियन कादंबरीला तीनदा साधु

दिग्रसची एसटी वळणावर अशी काही झुकली, की दीपाच्या मांडीवरची जाडजूड रशियन कादंबरी शेजारच्या माणसाच्या पायावरच आदळली.

"मॅडम, पुस्तक हाये का पाटा?" तो पाय चोळत म्हणाला. डोळे मात्र... हसरे होते मेल्याचे!

तो संघर्ष, दिग्रसच्याच शाळेत शिक्षक. ती तिथल्याच कॉलेजात अनुवादातून रशियन कादंबरी शिकवते हे कळल्यावर तो म्हणाला, की आपली पोरं गाईडच्या पुढं जात नाहीत. झालं! दीपाचा राग नाकाच्या शेंड्यावर. विभागप्रमुख विमलताईही तेच म्हणाल्या होत्या, वर अटही घातली होती: दिवाळीपर्यंत वर्गानं कादंबरी संपवली नाही, तर पुढच्या वर्षी ती बंद. शनिवारी माझ्या वर्गात येऊन पाहा, असं तिनं त्याला ठणकावलं.

तो आला. सोबत दहावीची पोरंही आणली. पाहतो तर काय, वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात ग्रंथ वाचतात ना, अगदी तसंच! एकानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या बोलीत समजावायचं, बाकीच्यांनी मांडी घालून ऐकायचं. वडिलांशेजारी बसून दीपा लहानपणापासून हेच तर शिकली होती. मग संघर्ष दर शनिवारी येऊ लागला. वाचताना मान वर करायचा, तिच्याशी नजर भिडली की ओळच चुकायचा... पोरं गालात हसायची.

दिवाळीच्या तोंडावर, शेवटच्या शनिवारी, विमलताई मागं येऊन बसल्या. वर्गातल्या समीक्षानं शेवटचं पान वाचलं, नायक-नायिकेचं एकदाचं जमलं — आणि ग्रंथवाचन संपलं की विहारात म्हणतात, त्या सवयीनं पोरं एका सुरात म्हणाली, "साधु, साधु, साधु."

दीपाला घाम फुटला. प्रेमाच्या कबुलीला साधु! पण विमलताई चक्क डोळे पुसत होत्या. पुढच्या वर्षीही अशीच शिकव, म्हणाल्या. दीपाचा ऊर भरून आला. तिची पोरं होती ही, दिग्रसची!

व्हरांड्यात संघर्ष थांबला होता.

"मी चुकलोतो," तो म्हणाला. "अन् पोरांसाठी येतो म्हणत होतो ना — ते बी... खोटंच."

"मले माहीत हाये. पोरांनी कवाच सांगितलं."

"मंग... रविवारी तुमच्या बाबांले भेटाले येऊ?"

"या. पण पुढची कादंबरी हिच्याहून जाड हाये."

"लग्नाआधी संपन?"

"नाही संपत," दीपा मान ताठ ठेवून म्हणाली. "अर्धी आधी वाचू... अर्धी नंतर."