सॉसेजचं सूप आणि कमिटीचं नाक

चोर आहात तुम्ही, कमिटीवाल्यांनो. लिफ्ट बंद पडली की महिनाभर तुमचं बूड खुर्चीवरून हलत नाही. गच्चीवरची टाकी रोज ओसंडून वाहते, ती तुम्हाला दिसत नाही. पण चौथ्या मजल्यावरच्या एकट्या मुलीच्या पातेल्यात काय पडलं, ते मात्र तुम्हाला तळमजल्यावर बसून कळतं! स्वतः शनिवारी हायवेवर जाऊन कोंबडीच्या तंगड्या तोडायच्या, बडीशेप चघळत घरी यायचं, आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं, ‘आपल्या इमारतीचं वातावरण शुद्ध राहिलं पाहिजे.’ दुसऱ्याच्या तोंडचा घास चोरता आणि वर त्याला संस्कार म्हणता.

पण चोरांच्या हातूनही कधी एखादं भलं काम होऊन जातं. तुम्ही वासाची चौकशी करायला निहारला वर पाठवलंत.

जानेवारीतला रविवार होता. मुलुंडला थंडी अशी पडते की अंधेरीवाल्यांना खोटं वाटतं. इरावती परब ओट्यापाशी उभी राहून सॉसेजची माळ सोडवत होती. आठवडाभर सांताक्रूझला विमानतळाच्या काउंटरवर ‘सर, बॅग जड आहे’ असं गोड आवाजात सांगून सांगून तिच्याजवळचा सगळा गोडवा संपलेला असायचा. रविवारी तिला तिखट लागायचं. काउंटरवरची फिलोमिना मनोरीची. तिच्या आईने घरी केलेली ती सॉसेज — लालभडक, मिरची-लसूण-व्हिनेगरमध्ये मुरलेली, डुकराच्या मांसाची. कणकवलीला इरावतीच्या आईला हे कळलं असतं तर तीही कमिटीत सामील झाली असती.

बेल वाजली.

“कोण?”

“कमिटी.”

इरावतीने सुरी हातात ठेवूनच दार उघडलं. समोर एक उंच, शेलाटा मुलगा. गळ्याला मफलर, नाक गाजरासारखं लाल.

“कमिटी म्हणजे एवढीच?”

“बाकीचे खाली आहेत.” त्याची नजर सुरीवर गेली. “मी निहार. दुसऱ्या मजल्यावर राहतो. वासाची तक्रार आलीय... उग्र वास येतो म्हणे तुमच्याकडून.”

“मग? येतोय का?”

त्याने श्वास घेतला... म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. मग एकदम शिंकला. मफलरमध्ये पुन्हा शिंकला.

“खरं सांगू?” तो नाक पुसत म्हणाला, “मला चार दिवस कसलाच वास येत नाहीये. सर्दी आहे.”

इरावती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला असं काही हसू फुटलं की तिला दाराला टेकावं लागलं.

“अख्ख्या बिल्डिंगमध्ये कमिटीला एक उघडं नाक मिळालं नाही?”

“मिळाली होती. पण सगळे तुम्हाला घाबरतात.”

“आणि तुम्ही?”

“मी पण घाबरतो. पण मी सगळ्यात लहान मेंबर आहे, मला नाही म्हणता येत नाही.”

“या आत. चौकशी नीट झाली पाहिजे. आणि ते तुम्ही-बिम्ही सोड रे, काउंटरवर उभं असल्यासारखं वाटतं.”

तो आला. स्टुलावर बसला. इरावतीने सॉसेजची सालं काढून आतला मसालेदार खिमा पातेल्यात टाकला. तो आपल्याच चरबीत चरचरायला लागला. त्यावर कांदा, ठेचलेला लसूण, टोमॅटो. मग गाजर, फरसबी, बटाटा, कोबीची जाड पानं. पाणी. पाण्याला उकळी आली तसा तिचा हात बरणीकडे गेला आणि चार-पाच आमसुलं पातेल्यात पडली. मालवणी हात तो. तो विचारून थोडाच काही करतो!

“अरे देवा... वाट लागली!”

“काय झालं?”

“सॉसेजमध्ये आधीच व्हिनेगर असतं. त्यात मी आमसुलं टाकली! सवयीने... हे आता पिणार कोण?”

“मी,” निहार पटकन म्हणाला. “मला चवही कुठे कळतेय?”

तिने डोळे वटारले, आमसुलं चमच्याने वेचून काढली, आणखी एक बटाटा चिरून टाकला, गुळाचा खडा टाकला. मग मूठभर मॅकरोनी. वाटी त्याच्यापुढे आली तेव्हा खिडकीच्या काचा वाफेने धूसर झाल्या होत्या. त्याने एक घोट घेतला. थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसरा घोट. कपाळावर घाम. तिसऱ्या घोटाला त्याने नाकाने लांब, मोकळा श्वास घेतला — आणि चमचा तसाच धरून तिच्याकडे बघितलं.

“आला,” तो म्हणाला. “वास आला.”

“उग्र आहे?”

“आहे.” तो अजून तिच्याकडेच बघत होता. “खूपच. ...अजून आहे का?”

त्यानंतर निहार दर रविवारी यायला लागला. अंधेरीला एका आर्किटेक्टकडे नोकरी करणारा हा मुलगा फरसबी इतकी एकसारखी चिरायचा की इरावतीला हसू यायचं. “पट्टी घेऊन बसतोस का रे?” ती म्हणायची. “तू कांदा कापतेस की कोणाचा सूड घेतेस?” तो म्हणायचा. ओट्यापाशी जागा तेवढीच. मीठ घेताना कोपराला कोपर लागायचं, आणि दोघांपैकी कोणीच सरकायचं नाही. एकदा तिच्या गालाला टोमॅटोचा ठिपका उडाला होता. तो बोटाने पुसायला पुढे झाला, मध्येच थांबला. “पुस ना,” ती म्हणाली, “की कमिटीची परवानगी लागते?”

जिना चढताना तो चपला हातात घ्यायचा. मांजरासारखा यायचा. तिला त्याचंही कौतुक वाटायचं.

एक धाकधूक होतीच. तिचे घरमालक अण्णा ठाण्याला राहायचे. मार्चमध्ये अग्रीमेंट संपत होतं. “माझी काही ना नाही गं,” अण्णांनी फोनवर सांगितलं होतं, “पण कमिटीने हरकत घेतली तर मला त्यांच्याशी भांडता यायचं नाही. मग तू दुसरं घर बघ.”

आणि एका शनिवारी शेजारची क्षमा जिन्यात भेटली. “अभिनंदन गं! अग्रीमेंटचं काम झालं म्हणे. बरं झालं बाई, तू व्हेज झालीस ते.”

“मी... काय झाले?”

“निहारनेच सांगितलं ना कमिटीला. त्याने स्वतः बघितलं म्हणे, तू भाज्यांचं सूप करतेस. वास नुसत्या मसाल्याचा.”

इरावती घरात आली. तिला आधी काहीच वाटलं नाही. मग एकाएकी चपला आठवल्या. हातात घेतलेल्या. कौतुक कसलं! तो लपून येत होता.

दुसऱ्या दिवशी निहार आला तेव्हा तिने दार अर्धंच उघडलं.

“कमिटीला काय सांगितलंस?”

त्याचा चेहरा पडला. “इरा, ऐक ना... तुझं घर जाऊ नये म्हणून—”

“भाज्यांचं सूप?”

“भाज्या तर असतातच ना त्यात.”

“मेल्या, तुका लाज वाटणा नाय?” राग आला की तिच्या तोंडी मालवणीच यायची. “माझ्याकडे जेवायचं आणि खाली जाऊन तोंड पुसायचं! ते हायवेवर जाऊन खातात, तू चौथ्या मजल्यावर येऊन खातोस. तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय?”

“मी तुला वाचवत होतो.”

“घर वाचवलंस. मला खोटं पाडलंस. मी काय शिजवते ते मी आजवर कोणापासून लपवलं नाही. घर गेलं तर दुसरं शोधेन, मुंबईत कमिट्या कमी नाहीत. पण ज्याला मी लपवूनच आवडते असा माणूस मला नको रे. तो मला नाही परवडत.”

दार लागलं. तो बाहेर उभा असावा. मग गेला... तेही चपला न वाजवता, अनवाणीच.

पुढचा रविवार उजाडला. इरावतीने मुद्दाम वरणभात लावला आणि स्वतःवरच चिडली. बारा वाजायच्या सुमारास जिन्यात फटाक फटाक चपला वाजायला लागल्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा. एवढा आवाज की दोन दारं उघडून बंद झाली.

निहार दारात उभा होता. उन्हाने रापलेला, केसांत खारा वारा. आणि हातात — पिशवीत नाही, सरळ हातात — सॉसेजची लालभडक माळ, हार धरावा तशी.

“मनोरीला गेलो होतो. मार्व्याहून बोटीने. फिलोमिनाची आई विचारत होती, कोणासाठी नेतोस.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, एक मुलगी आहे. माझ्यावर चिडलीय. तर म्हणाली, मग तिखट जास्त असलेली ने.”

इरावतीच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तो जागच्या जागी दाबला.

“हे घेऊन काय करू?”

“आमच्याकडे चल. आमच्या ओट्यावर शिजवू. खिडक्या उघड्या ठेवून.”

“तुमच्याकडे अंड्याचं पॅनसुद्धा बाल्कनीत राहतं ना रे!”

“आईला विचारलंय.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, माझ्या कुकरला लावायचं नाही, माझ्यासाठी भाज्यांचं वेगळं काढायचं, आणि ओटा तू घासायचास. मी घासणार.” त्याने माळ दुसऱ्या हातात घेतली. “आणि इरा, काल चेअरमनकडे जाऊन आलो. सांगितलं की मी खोटं बोललो होतो. अग्रीमेंटचं आता पुन्हा अडेल. तुला त्याचा राग आला तर—”

“चल,” ती म्हणाली. चपला तिनेही पायात घातल्या. चांगल्या वाजणाऱ्या.

दुसऱ्या मजल्यावर निहारची आई, कुंदाताई, ओट्यावर दोन पातेली मांडून वाट बघत होत्या. “हे माझं, हे तुमचं,” त्यांनी हद्द आखून दिली. “आणि चमचे मिसळाल तर दोघांनाही बाहेर काढीन.” इरावतीने सॉसेज परतायला घेतली. चरबी सुटली, लसूण तडतडला आणि तो वास उठला — खिडकीतून बाहेर, डक्टमधून वर, जिन्यातून खाली. कुंदाताईंनी पदर नाकाला लावला, मग हळूच थोडा खाली घेतला. “लसूण मात्र छान परततेस हो,” त्या म्हणाल्या. दोन्ही पातेल्यांत भाज्या शिजल्या, दोन्हीत पास्ता पडला.

आणि बेल वाजली.

निहारने दार सताड उघडलं. चेअरमन, त्यांच्यामागे आणखी तिघं.

“निहार, हा वास तुमच्या घरातून?”

“हो काका. सॉसेजचा. डुकराच्या. माझं घर आहे, अग्रीमेंटचा प्रश्न नाही. या, बसा, गरम आहे.”

चेअरमनांची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली. ओट्यापाशी इरावती, हातात पळी, कपाळावर घामाने चिकटलेली बट.

“आणि या? या तर चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरू. या कोणत्या नात्याने तुमच्या स्वयंपाकघरात?”

निहार मागे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

“इरा... हे विचारतायत.”

“ऐकलं मी. त्यांचं त्यांना नंतर देऊ.” तिने पळी खाली ठेवली नाही. “माझ्याकडे बघून बोल. तुला काय विचारायचंय?”

दारात चार माणसं. जिन्यात आणखी डोकी. निहारने एकदाही मागे बघितलं नाही.

“माझ्याशी लग्न करशील? इथे, याच बिल्डिंगमध्ये, या सगळ्यांच्या नाकासमोर?”

इरावतीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. वाफ असेल, नाहीतर मिरची असेल. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि इतकं संथ हसली की चेअरमनसुद्धा दारातून एक पाऊल आत आले.

“अगं बाई,” कुंदाताई ओरडल्या, “पास्ता फुगायला लागला! हसतेस काय? हो की नाही?”