सत्यभामा सिस्टरचा रिपोर्ट

बर्फाच्या थर्मासमध्ये रक्ताची बाटली ठेवायची, भंडाऱ्याहून सकाळची एस.टी. धरायची आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत ती पोचती करायची. चौऱ्याऐंशी साली माझ्या नोकरीतलं हे सगळ्यांत साधं काम. रुग्णालयाचं नाव विचारू नका. मी तिथे रक्त तपासायचो, एवढं पुरे.

बाटली असायची सत्यभामा सिस्टरची. पेशंटला टोचलेली सुई धुताना तिच्या बोटात घुसली आणि कावीळ झाली. वाचली बिचारी. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, भूक परतली. पण रिपोर्ट दर महिन्याला पॉझिटिव्हच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!

"विषाणू जिवंत आहे की नुसती खूण मागे राहिलीय, हे या तपासणीत कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "निगेटिव्ह येईपर्यंत लेकराला जवळ घेऊ नका."

दोन महिन्यांची पोर दिघोरीला आजीकडे गेली. सिस्टर रुग्णालयामागच्या खोलीत एकटी राहिली.

"तेजरामभाऊ, पोरगी आता बसते म्हनतेत... आजीलेच आई समजून राहिली," दंड पुढे करताना ती सांगायची.

सहाव्या महिन्यात मला बघवेना. दार लावून मी माझंच रक्त काढलं आणि दोन बाटल्यांत भरलं. एकीवर तिचं नाव लिहिलं, दुसरीवर पडताळ्यासाठी माझं. लबाडीच ती, पण मला तिची लाज वाटली नाही.

आठवड्याने रिपोर्ट आले. माझ्या नावाचा निगेटिव्ह. तिच्या नावाचा पॉझिटिव्ह.

एकाच सिरिंजमधलं रक्त, हो! खोलीतला स्पिरिटचा वास एकाएकी सहन होईना, म्हणून खिडकी उघडली. बाहेर भर दुपार होती आणि कुठे चिटपाखरूही नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी कोणाचंच रक्त पाठवलं नाही. तरी टपालाने पाकीट आलं. आत दोन कागद. पहिला सिस्टरचा, नेहमीसारखाच. दुसऱ्यावर लिहिलं होतं: उत्पला, वय नऊ महिने. पॉझिटिव्ह.

फाडून टाकायला हवं होतं. पण एकट्याने ते जवळ ठेवायचा धीर होईना, म्हणून तिच्याकडे नेलं.

"हे उत्पला कोन, सिस्टर?"

तिने कागद घेतला आणि नावावरून बोट फिरवलं.

"पोरीचं नाव ठेवाचंच राहिलं नं, भाऊ... हे मी मनात धरून होती. कोनालेच सांगितलं नाही."

"मंग तिचं रक्त कोनं नेलं...?"

ती उठली, डोळे पुसले, कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवल्या आणि सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

"मंग आता तं घेऊ ना तिले जवळ?"